आदेश द्यायचा तर नाव घेऊन

बरीच वर्षे माझे एक ठाम मत होते, आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी ते आग्रहाने सांगत आले. मेनफ्रेमवर एमक्यूचे, म्हणजे संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, काम करताना एकेका क्यू मॅनेजरचे नाव लक्षात ठेवू नका, त्यांच्या गटाचे ठेवा. पॅनेल उघडले की गटाचे नाव टाका, आदेश गटभर पाठवा आणि पुढच्या कामाला लागा. तो आदेश नेमका कोणत्या क्यू मॅनेजरने पाळला, हा प्रश्न प्रशासकाने विचारायचा नसतो, असे मी म्हणत असे. आज मी याच्या उलट सांगते. आदेश देण्याआधी थांबा, तो कुणाला देता आहात ते ठरवा, आणि ते नाव स्वतःच्या हाताने लिहा. मत का बदलले, आणि जुन्या मतातले काय मी अजून सोडलेले नाही, हे इथे मोकळेपणाने मांडायचे आहे.

मी तंजावरची. भोसले राजांच्या काळात इथे आलेल्या कुटुंबांपैकी आमचे एक. घरात अजून आमची दक्षिणी मराठी चालते, रस्त्यावर तमिळ, कामात इंग्रजी. चेन्नईत नोकरी करून मी गावी परतले, पण काम तेच राहिले: परदेशातल्या एका बँकेच्या मेनफ्रेमवर संदेशांच्या रांगांची देखभाल. आपल्याकडच्या बऱ्याच बँकांची खाती आता युनिक्स-लिनक्सच्या सर्व्हरवर असतात. अमेरिका-युरोपातल्या अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्या मात्र आजही आयबीएमच्या मेनफ्रेमवर विसंबून आहेत, आणि त्या यंत्रांची राखण करणारी पुष्कळ माणसे चेन्नई, पुणे, बंगळूर, हैदराबादला बसलेली असतात. २०२४ साली तंजावरातही मिनी टायडेल पार्क उघडले. आता इथल्या मुलामुलींना हे काम करायला गाव सोडावेच लागेल असे नाही. ती शिकणार आमच्यासारख्यांकडून, आणि आम्ही जी सवय लावू ती पुढे तीस वर्षे टिकेल. म्हणून हे मत माझ्यापुरते ठेवता येत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे जातात तेव्हा प्रत्यक्षात जातो तो संदेश. आपल्या रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस व्यवस्था २६ मार्च २००४ रोजी सुरू झाली आणि १४ डिसेंबर २०२० पासून ती दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालते. अशा व्यवस्थेत संदेश हरवून चालत नाही, आणि एकच संदेश दोनदा पोचूनही चालत नाही. पाठवणारा संगणक जागा असताना घेणारा झोपलेला असेल, तर संदेश मध्ये कुठेतरी सुरक्षित थांबायला हवा. ती थांबण्याची जागा म्हणजे क्यू, आणि अशा अनेक क्यू सांभाळणारा, त्यांतल्या टिकाऊ संदेशांची लॉगमध्ये नोंद ठेवणारा, इतरांशी चॅनेलने बोलणारा कारभारी म्हणजे क्यू मॅनेजर. आयबीएमने हे सॉफ्टवेअर १९९३ साली एमक्यूसिरीज या नावाने आणले, पुढे ते वेबस्फियर एमक्यू झाले आणि आता आयबीएम एमक्यू आहे. इतर यंत्रांवर क्यू मॅनेजरचे नाव ४८ अक्षरांपर्यंत लांब असू शकते. मेनफ्रेमवर ते जास्तीत जास्त चार अक्षरांचे असते. ही चार अक्षरे पुढे महत्त्वाची ठरणार आहेत.

माझे जुने मत हवेतून आले नव्हते. १९९४ मध्ये आयबीएमने पॅरलल सिस्प्लेक्स आणले. अनेक मेनफ्रेम, किंवा एकाच मेनफ्रेमचे एलपार नावाचे अनेक भाग, कपलिंग फॅसिलिटी नावाच्या सामाईक स्मृतीभोवती एकत्र येऊन एकाच यंत्रासारखे वागू लागले. २००० च्या सुमारास एमक्यूमध्ये क्यू शेअरिंग ग्रुप आला. त्यात ३२ पर्यंत क्यू मॅनेजर एका गटात नांदू शकतात. शेअर्ड क्यूमधला संदेश कपलिंग फॅसिलिटीत राहतो, गटातला कोणीही तो उचलू शकतो. एक क्यू मॅनेजर कोसळला तर शेअर्ड क्यूवरची त्याची अर्धवट राहिलेली कामे बाकीचे सदस्य निस्तरतात. ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

हे पहिल्यांदा प्रत्यक्ष चालताना पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्याआधी आम्ही एकेका क्यू मॅनेजरला जीव लावून जपायचो. तो बंद करायचा म्हणजे आठवडाभर आधी परवानग्या, रविवारची पहाट, आणि सगळ्यांचे श्वास रोखलेले. गट आल्यावर एक सदस्य भरदिवसा खाली घेता येऊ लागला आणि काम चालूच राहिले. यातून मी जो धडा घेतला तो असा: एकेकट्याला महत्त्व देणे हीच जुन्या काळची सवय आहे. नावाशी बांधून घेतलेली व्यवस्था नाजूक असते. प्रोग्रामने गटाशी जोडून घ्यावे, प्रशासकानेही गटाशीच बोलावे. पॅनेलवर कनेक्ट नेमच्या जागी गटाचे नाव आणि ॲक्शन क्यू मॅनेजरच्या जागी स्टार, म्हणजे * हे चिन्ह, हा माझा नेहमीचा शिरस्ता झाला. नव्या लोकांसाठी मी तोच लिहून ठेवला.

या शिरस्त्याला पहिला प्रश्न विचारला तो कुंभकोणमहून शिकायला आलेल्या एका मुलीने. आम्ही तेच पॅनेल, म्हणजे मेनफ्रेमवरच्या आयएसपीएफचा तो जुना पडदा, बघत होतो, २४ ओळी आणि ८० रकाने. खालच्या बाजूला तीन नावे भरायच्या जागा आहेत: कनेक्ट नेम, टार्गेट क्यू मॅनेजर, ॲक्शन क्यू मॅनेजर. तिने विचारले, "अक्का, तिन्हींचं उत्तर जर नेहमी गटच असेल, तर त्यांनी तीन वेगळ्या जागा ठेवल्याच कशाला?"

मी तिला तेव्हा जे उत्तर दिले त्याने तिचे समाधान झाले, माझे झाले नाही. तो पडदा मी हजारो वेळा भरला असेन, पण त्या तीन जागांकडे तीन स्वतंत्र प्रश्न म्हणून मी कधी बघितले नव्हते. मग बघू लागले.

पहिली जागा विचारते, तू कुणाच्या दारातून आत येतेस? इथे जो क्यू मॅनेजर किंवा गट लिहायचा तो तुम्ही लॉग-इन केलेल्या एलपारवरच असावा लागतो. गटाचे नाव लिहिले, तर त्या एलपारवर गटाचा जो सदस्य चालू असेल त्याच्याशी जोडणी होते. म्हणजे मी एका एलपारवर बसून गटाचे नाव लिहिले आणि माझ्या सहकाऱ्याने दुसऱ्या एलपारवर बसून तेच नाव लिहिले, तर अक्षरे तीच, पडदा तोच, पण ऐकणारा वेगळा.

दुसरी जागा विचारते, आदेश हाती कोण घेणार? तो जोडलेला क्यू मॅनेजरच असू शकतो किंवा दूरचा एखादा. दूरचा असेल तर आदेश हाही एक संदेशच होतो. तो ट्रान्समिशन क्यूमधून, चॅनेलवरून तिकडच्या कमांड सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर उलट्या वाटेने परत येते. म्हणून दोन्ही दिशांचे चॅनेल चालू असावे लागतात. पडद्यावर चौथी एक जागा आहे, उत्तराची वाट किती सेकंद बघायची याची. ५ पासून ९९९ पर्यंत आकडा घालता येतो, नेहमी तिथे ३० असतो. एवढ्या वेळात उत्तर आले नाही म्हणजे आदेश पोचला नाही, असे समजायचे कारण नाही. परतीचा चॅनेल बंद असू शकतो आणि तिकडे आदेश केव्हाच अमलात आलेला असू शकतो. आपण कुणाला सांगितले हे नीट माहीत असेल, तरच खात्री करायला कुठे जायचे ते कळते.

तिसरी जागा विचारते, हा आदेश गटात कुठे कुठे लागू करायचा? रिकामी ठेवली तर जिथे गेला तिथेच, नाव दिले तर त्या सदस्यावर, स्टार दिला तर सगळ्यांवर. या 'सगळ्यांवर' या शब्दापाशी माझे मत खरे हलू लागले. कारण स्टारने जाणारा आदेश त्या क्षणी चालू असलेल्या सदस्यांकडेच जातो. जो देखभालीसाठी बंद ठेवला आहे, त्याच्याकडे तो जात नाही आणि तो नंतर उठल्यावर त्याला कोणी आठवणही करून देत नाही. ज्या सोयीसाठी आम्ही गट स्वीकारला, की एकेक सदस्य खुशाल बंद करता यावा, तीच सोय वापरात असताना स्टार अपुरा पडतो. ही माहिती मला पुस्तकी अर्थाने पूर्वीपासून होती. तिचा माझ्या शिरस्त्याशी काय संबंध आहे, याचा विचार मी त्या प्रश्नानंतर केला.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. गटाचे सदस्य बाहेरून सारखे दिसतात, आतून नसतात. प्रत्येकाचे पेजसेट, म्हणजे संदेश साठवायच्या फाइली, वेगळे, बफर पूल वेगळे, चॅनेल इनिशिएटर वेगळा. एकाच नावाचा स्टोरेज क्लास एका सदस्यावर एका पेजसेटकडे नेतो, दुसऱ्यावर दुसऱ्याकडे. एकाच नावाची खाजगी क्यू दोन सदस्यांवर असू शकते आणि त्या दोन वेगळ्या क्यू असतात, दोहोंत वेगळे संदेश असतात. लॉगचे तर सर्वांत ठळक. शेअर्ड क्यूमधला टिकाऊ संदेश सगळ्या गटाचा असतो, पण त्याची नोंद होते ती ज्या क्यू मॅनेजरने तो क्यूमध्ये ठेवला त्याच्या लॉगमध्ये. कपलिंग फॅसिलिटीतला साठा गमावला आणि तो परत उभा करायची वेळ आली, तर गटातल्या क्यू मॅनेजरांचे वेगवेगळे लॉग धुंडाळावे लागतात. संदेश सगळ्यांचा, लॉग ज्याचा त्याचा. ही रचना करणाऱ्यांनी काम सामाईक केले, जबाबदारी मात्र नावावर ठेवली. मी दोन्ही एकाच मापाने मोजत होते.

याच सुमारास आमच्या मामांशी बोलणे झाले. ते पीडब्ल्यूडीत पाण्याच्या बाजूला होते, आता निवृत्त आहेत. कावेरीचे पाणी म्हणजे तंजावरचे सगळे काही. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पुरे झाले, १२ जून हा तिथून पाणी सोडायचा ठरलेला दिवस मानतात, आणि ते पाणी काही दिवसांनी कल्लणैला पोचते. करिकाल चोळाचे नाव सांगणारा हा बांध आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे पाण्याला चार वाटा फुटतात: कावेरी, वेण्णार, ग्रँड अनिकट कालवा, ज्याला लोक पुदु आरु म्हणतात, आणि पूर आला तर जादा पाणी वाहून नेणारी कोळ्ळिडम. मी मामांना म्हटले, पाणी तर एकच आहे, मग एकदाच 'सोडा' म्हटले की झाले, नाही का? ते हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पाणी एकच असतं गं, पण दरवाजे एक नसतात. वेण्णारच्या शेवटच्या गावात पाणी पोचलं नाही तर मला वेण्णारची नोंद बघायची असते. कल्लणै उघडलं होतं एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या शेतकऱ्याला मी काय सांगू?"

तमिळ वर्तमानपत्रांत पाण्याचे आकडे छापून येतात तेही असेच असतात. कावेरीत सेकंदाला इतके घनफूट, वेण्णारमध्ये इतके, कालव्यात इतके, कोळ्ळिडममध्ये इतके. लहानपणापासून मी ते वाचत आले आहे. पाण्याच्या थेंबाला आपण कोणत्या वाटेने जाणार हे ठाऊक असण्याची गरज नाही. दरवाजा उघडायला सांगणाऱ्याला ते ठाऊक असलेच पाहिजे. मामांच्या बोलण्याने मला नवे तंत्रज्ञान कळले असे नाही, पण जे मनात जमत होते त्याला आकार आला.

तो आकार असा. संदेशाने नाव विसरावे, आदेशाने विसरू नये. काम करणाऱ्या प्रोग्रामने गटाशी जोडून घेणे आजही मला पूर्णपणे योग्य वाटते. पैसे पाठवणाऱ्या प्रोग्रामला कोणता सदस्य चालू आहे याची उठाठेव करायला लावणे म्हणजे त्याला पुन्हा नाजूक करणे. तिथे अनामिकता हे बळ आहे. पण प्रशासक काम करत नाही, तो कामाचे नियम बदलतो. क्यूची खोली वाढवतो, चॅनेल थांबवतो, एखादी व्याख्या पुसतो. तिथे अनामिकतेने नंतर कुणालाच उत्तर देता येत नाही. एकच तत्त्व दोन्हीकडे लावण्याचा माझा आग्रह मी सोडला.

सोडला म्हणजे काय केले, तेही सांगते. पाहण्याचे आदेश मी आजही गटभर पाठवते. पाहण्याच्या डिस्प्ले आदेशाला स्टार लावला की चालू असलेला प्रत्येक सदस्य आपापल्या नावाने उत्तर देतो, आणि आदेश किती जणांना गेला होता तेही कळते. कोण बोलले, कोण गप्प राहिले हे एका दमात दिसते. विचारायचे असेल तर सगळ्यांना विचारावे.

बदलण्याचे आदेश मात्र एकेका नावाला. आणि जो बदल खरोखरच सगळ्या गटाचा आहे, तो गटाच्या व्याख्येत. हा फरक नवख्यांना समजावताना मी जास्तीत जास्त वेळ देते. एमक्यूमध्ये एखादी वस्तू गटाच्या मालकीची म्हणून व्याख्या करता येते. ती डीबी२ या सामाईक डेटाबेसमध्ये एकदाच साठवली जाते आणि प्रत्येक सदस्याकडे तिची प्रत असते. मूळ व्याख्या बदलली की चालू सदस्यांच्या प्रती ताज्या होतात, आणि बंद असलेला सदस्य पुढे सुरू होताना आपली प्रत ताजी करून घेतो. स्टारने पाठवलेला आदेश जे करू शकत नाही ते इथे आपोआप होते. म्हणून 'गट' हे उत्तर मी वर्ज्य मानलेले नाही. विचार करून, 'ही वस्तू सगळ्यांची आहे' असे ठरवून दिलेले ते उत्तर पूर्ण बरोबर असते. नाव ठरवण्याचे टाळण्यासाठी लिहिलेला स्टार आणि गटाची म्हणून केलेली व्याख्या, ही दोन वेगळी कामे आहेत.

परवानग्यांबद्दलही माझे मत बदलले. मेनफ्रेमवर कोणाला काय करता येईल हे बहुधा रॅकएफ हे सुरक्षेचे सॉफ्टवेअर ठरवते. त्यातल्या एमक्यूच्या प्रोफाइलच्या, म्हणजे परवानगीच्या नोंदीच्या, नावाची सुरुवात क्यू मॅनेजरच्या किंवा गटाच्या नावाने होते, आणि तपासणी क्यू मॅनेजरच्या पातळीवर करायची, गटाच्या पातळीवर करायची की दोन्ही, हे ठरवता येते. पूर्वी मी फक्त गटाची पातळी ठेवावी या मताची होते, कारण प्रोफाइल कमी लागतात आणि देखभाल सोपी होते. आता मला दोन्ही हव्यात. नव्या प्रशासकाला पहिले काही महिने एकाच क्यू मॅनेजरवर बदल करण्याची परवानगी असावी. मग पुढच्या नावाची. अधिकार नावानिशी वाढत गेला, की ज्याला तो मिळतो त्यालाही आपण कशासाठी उत्तरदायी आहोत हे कळत जाते.

आता त्या चार अक्षरांकडे. गटाचे नावही चार अक्षरांतच बसवावे लागते आणि ते कोणत्याही क्यू मॅनेजरच्या नावासारखे असून चालत नाही. समजा, प्रत्यक्ष व्यवहारांचे क्यू मॅनेजर एमक्यूपी१ आणि एमक्यूपी२, त्यांचा गट एमक्यूपीजी, आणि चाचणीचा क्यू मॅनेजर एमक्यूटी१. रोमन लिपीत लिहिले तर व्यवहार आणि चाचणी यांच्यात एकाच अक्षराचा फरक राहतो. सदस्य आणि गट यांच्यातही एकाचाच. आधीपासून भरलेल्या जागेवरून नजर घसरते, हाताने लिहिताना ती थांबते. म्हणून मी नवीन नावे ठरवण्याच्या बैठकीत आता आवर्जून बोलते. चाचणीची आणि व्यवहाराची नावे पहिल्याच अक्षरापासून वेगळी असावीत, गटाचे नाव सदस्याचे म्हणून खपणार नाही असे असावे. पूर्वी मला हा विषय शोभेचा वाटायचा. आता तो सुरक्षेचा वाटतो.

माझ्या बदललेल्या मताला विरोधही झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण विरोध करणाऱ्यांच्या तोंडी माझेच जुने युक्तिवाद होते. एकाचे म्हणणे असे की रात्री अडकलेला चॅनेल सोडवायचा असताना नावे लिहीत बसायला वेळ कुठे असतो? मी म्हणते, चार अक्षरांना काही क्षण लागतात, आणि आता व्यवहार चोवीस तास चालत असल्याने नंतर दुरुस्त करायला मोकळी रात्र शिल्लक राहिलेली नाही. ते काही क्षण आधीच खर्च करणे परवडते.

दुसऱ्याचे म्हणणे, सगळे स्वयंचलित होत चालले आहे, स्क्रिप्टच आदेश देतात, मग माणसाच्या निवडीचा आग्रह कशाला? याला माझे उत्तर सरळ आहे. स्क्रिप्टमध्ये नावांची यादी ठेवा, स्टार ठेवू नका. यादीतल्या प्रत्येक नावाला आदेश जाऊ द्या, प्रत्येकाचे उत्तर तपासले जाऊ द्या, आणि एखादा बंद असेल तर स्क्रिप्टने त्याचे नाव घेऊन थांबू द्या. एमक्यूचा वेबवरून आदेश देण्याचा जो नवा मार्ग आहे, त्याच्या पत्त्यातच क्यू मॅनेजरचे नाव लिहावे लागते. म्हणजे नव्यात नव्या साधनानेही तो प्रश्न विचारणे सोडलेले नाही.

तिसऱ्याचे म्हणणे मला सर्वांत जवळचे. तो म्हणाला, गटाची कल्पनाच एकेकट्याला विसरण्यासाठी आहे, तुम्ही मूळ रचनेच्या विरुद्ध जाता आहात. मी त्याला तोच पडदा दाखवला. रचनाकारांना एकेकट्याला विसरायचे असते तर त्यांनी एकच जागा ठेवली असती. कुठून आत यायचे, कुणाकडे सोपवायचे आणि कुठे लागू करायचे, हे तीन प्रश्न त्यांनी मुद्दाम वेगळे ठेवले आणि तिन्हींची उत्तरे माणसावर सोडली. त्या विश्वासाला आपण जागले पाहिजे असे मला मनापासून वाटते. तो अजून माझ्याशी पूर्ण सहमत नाही. आमचे बोलणे चालू आहे.

मत बदलताना एक भीती वाटत होती, ती लपवत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली माणसे आज पुण्यात, चेन्नईत, परदेशात याच कामावर आहेत, आणि त्यांतले कित्येक माझाच जुना शिरस्ता पाळत असणार. आपण शिकवलेले आपणच मागे घेतले तर त्यांचा आपल्यावरचा विश्वास राहील का, असे वाटायचे. प्रत्यक्षात ज्यांच्याशी बोलले, त्यांनी युक्तिवाद ऐकून घेतला, काहींना तो पटला, काहींनी वाद घातला. विश्वास मताच्या स्थिरतेवर नसतो, मताची कारणे उघड ठेवण्यावर असतो, हे मला त्या बोलण्यांतून कळले.

आता माझ्याकडे जो शिकायला येतो त्याला पहिल्या दिवशी एकही आदेश शिकवत नाही. पडदा उघडून तीन उत्तरे मोठ्याने सांगायला लावते. मी कुठे जोडले गेले आहे? आदेश कोण घेणार आहे? तो कुठे कुठे लागू होणार आहे? तिन्ही उत्तरे आली, की मग एंटर. पाहायचे असेल तर सगळ्यांना विचार, बदलायचे असेल तर नाव घे, आणि सगळ्यांचेच बदलायचे असेल तर ते गटाच्या व्याख्येत बदल. ज्यांनी माझ्याकडून याच्या उलट घेतले आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ही कारणे तपासून पाहावीत, आणि पटली तर आपल्या हाताखालच्यांना आजपासून नवे सांगावे.